दारोग्याची कंबर

आमच्या घराण्यात आजवर कुणी धावल्याचे ऐकिवात नाही. पेंढाऱ्यांची धाड येणार अशी आवई उठली तेव्हा सारे गाव पळाले, आमचे पणजोबा मात्र जेवायला बसले होते ते बसूनच राहिले. पेंढारी आलेच नाहीत. पळालेल्यांपैकी मात्र दोघांचे पाय मोडले. तेव्हापासून न धावण्यातच आमचे कल्याण आहे अशी आमच्याकडे समजूत आहे. आणि गावातल्या कुठल्याही अब्रूदार माणसाला विचारा, तो हेच सांगेल. धावतो तो चोर, नाही तर चोरामागचा शिपाई, नाही तर ज्याला ऐन वेळी तांब्या सापडला नाही तो. मी यांपैकी कुणीच नव्हतो. मी ठाण्याला मिठाच्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि राहायला कल्याणात होतो.

तरीही राणीच्या ज्युबिलीच्या पुढच्या वर्षी मी धावलो. त्याचे परिणाम माझ्या कंबरेने, माझ्या अब्रूने आणि थोडेफार सरकारनेही भोगले.

झाले असे की खाडीकाठच्या मिठागरांचा जुना दारोगा पेन्शनीत निघाला. हा गृहस्थ देहाने असा भारी होता की मीठचोर त्याच्या डोळ्यांदेखत पोते खांद्यावर टाकून बांधावरून निघून जात, आणि जाता जाता त्याला रामराम घालत. तोही बसल्या जागेवरून रामराम घेई. नवा साहेब विलायतेहून ताजा आलेला होता. त्याने हा रामराम एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि हुकूम काढला, की यापुढे दारोगा होईल तो धावणारा असेल. ज्याला जागा हवी असेल त्याने पुढल्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी मिठागराच्या बांधावर सगळ्यांसमक्ष धावून दाखवावे. जो पहिला येईल त्याला पितळी बिल्ल्याचा पट्टा, सरकारी घोडे आणि दारोग्याची जागा.

ही जागा मला हवी होती, अगदी मनापासून हवी होती. कारकुनाला रस्त्यात कुणी नमस्कार करत नाही. केलाच तर मागाहून काहीतरी काम सांगतो. सासुरवाडीला डोंबिवलीस गेलो की सासरे पाट मांडायच्या आधी विचारत, "अजून तिथंच का?" या प्रश्नाला घोड्यावर बसून उत्तर द्यावे अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. बाकीच्या कारकुनांनी हुकूम वाचून पायांकडे पाहिले आणि सोडून दिले. उरलो मी आणि पंढरीनाथ. पंढरीनाथ माझ्या शेजारीच बसे. अंगाने काटकुळा, तोंडाने गोड, आणि रजेचे अर्ज तपासण्याचे काम त्याच्याकडे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी धोतराचा काचा मारला, उपरणे कंबरेला आवळले आणि घराबाहेर पडलो. शेजारचे भाऊ ओट्यावर राखुंडीने दात घासत बसले होते. भाऊ मामलेदार कचेरीतले निवृत्त अव्वल कारकून. सल्ला देणे हा त्यांचा पेन्शनीतला उद्योग.

"काय हो हरिहरपंत, कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग धावताय कशाला?"

"सराव करतोय. धावण्याचा."

भाऊंनी राखुंडीचे बोट तोंडातच ठेवून यावर विचार केला. "धावण्याचा सराव धावूनच करायचा, तर मग त्या शनिवारी एकदाच काय ते धावलेलं काय वाईट?"

हा वाद उभ्याने मिटण्यासारखा नव्हता. म्हणून मी धावत पुढे गेलो.

तळ्यावर बायका धुणे धूत होत्या. माझ्यासारखा माणूस जिवाच्या आकांताने येताना पाहून त्यांनी मागे बिबट्या असणार असा निष्कर्ष काढला आणि धुणे तिथेच टाकून माझ्यापुढे धावत सुटल्या. बायका धावताना पाहून देवळातला गुरव घंटा बडवू लागला. घंटा ऐकून आळीतले पुरुष काठ्या घेऊन बाहेर आले, बायका कुणीकडे जातात ते पाहून तेही त्याच बाजूला धावले. मी सगळ्यांच्या मागे होतो. बिबट्या खरोखरच असता तर त्याला माझ्यापलीकडे जाण्याची गरज पडली नसती. खुलासा करता करता दुपार झाली. त्यानंतर मी रोज धावू लागलो तेव्हा गावाने एवढीच सवलत दिली, की घाबरून पुढे धावण्याऐवजी रिकामटेकडे लोक मजा पाहत माझ्या मागून येऊ लागले.

एके सकाळी ही मिरवणूक फारच वाढली. तिला आवर घालावा म्हणून भाऊंनी ओट्यावरून हाक मारली, "अहो पंत, मागे बघा जरा!"

मी मागे बघितले. मागे बघत पुढे धावणे हे मुरलेल्या माणसाचे काम आहे. म्हशींच्या खुरांनी चिखलात पडलेला एक खड्डा वाळून टणक झाला होता, त्यात माझा डावा पाय गेला आणि घोटा मुरगळला. पडू नये म्हणून अंग सावरायला गेलो तो कंबरेत असा काही झटका बसला की मी होतो तिथेच, होतो तसाच राहिलो. म्हणजे कंबरेत वाकलेला, डावीकडे कललेला, एक हात पुढे. मागची मंडळी आली. त्यांना वाटले मी काहीतरी शोधतो आहे. तीही शोधू लागली.

मला त्याच स्थितीत उचलून घरी आणले. आमच्या आळीत वैद्य एकच आहे, पण औषध सांगणारे घरटी दोन. आंबेहळद आणि रक्तचंदनाचा लेप झाला. निर्गुडीच्या पाल्याचा शेक झाला. तापल्या विटेचा शेक झाला, त्यात वीट जरा जास्त तापली होती एवढेच नवीन. माझी बायको गोदा मुकाट्याने हे सगळे करत होती. एरवी ती मुकाट्याने काही करणाऱ्यांतली नाही. पण तेव्हा माझे लक्ष विटेकडे होते.

"हे घरगुती काम नव्हे," भाऊ म्हणाले. "शहाडला काळुराम आहे. हाड बसवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही."

काळुरामाच्या अंगणात बैल बांधलेले होते. तो मुळात बैलांची हाडे बसवी. माणसे हा त्याचा मागाहून वाढलेला धंदा. त्याने मला अंगणात उभे केले, आणि जुन्या सवयीने पाठीवर थाप मारून "हूं, हूं, उभा ऱ्हा," असे म्हणाला. मग घोटा हातात घेऊन नदीला यंदा पाणी किती, होडी कुठवर जाते, याची चौकशी करू लागला. मी सांगायला तोंड उघडले तेवढ्यात त्याने पाय ओढला. मी काय बोललो ते आठवत नाही, पण बैलांनी माना वर केल्या. घोटा मात्र बसला. बांबूच्या कामट्या आणि फडके बांधून त्याने तो पक्का केला. दोन-तीन दिवसांत त्यावर नीट भार देता येऊ लागला, हे त्याच्या हातून झालेले काम मी नाकारत नाही.

मग तो कंबरेकडे वळला. त्याने माझ्या पाठीत गुडघा रोवला, खांदे धरले आणि मागे खेचले. कंबरेत कडकड वाजले. मी आनंदाने सरळ व्हायला गेलो, तो आता उजवीकडे कललो.

काळुरामाने माझ्याभोवती एक फेरी मारली. "फरक हाय," तो म्हणाला.

"अरे, पण बाजू बदलली फक्त!" भाऊ म्हणाले.

"मंग तोच फरक. बैलाला चार पाय असतान, तो असा कलत नाय." तो हात धुवायला गेला. "ही उसन हाय. मना हार बसवाला जमतं, उसन नाय जमत. हिला पायालूच पायजे."

पायाळू म्हणजे काय हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. जन्मताना ज्याचे डोके आधी न येता पाय आधी आले तो पायाळू. अशा माणसाने सूर्य उगवताना उसणीच्या पाठीला पायाने शिवले की उसण उतरते. शिवायचे ते हलकेच, जोर करायचा नाही, ही रीत. पायाळूबद्दल आणखीही बरेच बोलले जाते. त्याच्यावर वीज पडते, जमिनीतले धन त्याला दिसते, म्हणून लोक आपल्या घरात असा जन्म झाला तर सहसा बोलून दाखवत नाहीत. विशेषतः मुलगी असली तर मुळीच नाही. वीज अंगावर ओढून घेणारी सून कोण करून घेणार?

पायाळू शोधायला वेळ हवा म्हणून मी रजा मागायला ठाण्याला गेलो. आमच्या कचेरीत रजेचा नियम असा, की आजारी माणसाने स्वतः येऊन आपण आजारी असल्याचे सांगावे. येणे शक्य नसेल तर तसे येऊन कळवावे. पंढरीनाथाने माझ्याकडे पाहून हळहळ व्यक्त केली.

"कारण काय लिहू? धावताना लागलं असं लिहिलं तर साहेब म्हणतील, याला धावता येत नाही. नुसतं आजारी लिहिलं तर म्हणतील, रोगी आहे. मी आपला मित्र म्हणून विचारतो हो."

मी अर्ज परत घेतला. तेवढ्यात व्हरांड्यातून साहेब आला. मी आधीच वाकलेला होतो, त्यामुळे साहेबाला वाटले मी मुजरा करतो आहे. त्याने मान हलवून मुजरा घेतला. मुजरा संपेना. साहेब थांबला.

"सीधा खडा रहो!" साहेब म्हणाला.

मी प्रयत्न केला आणि कळ येऊन आणखी वाकलो. साहेब लालबुंद झाला, इंग्रजीत पुष्कळ बोलला आणि निघून गेला. त्यातले काय घ्यायचे ते हेडक्लार्काने नंतर मला मराठीत सांगितले. साहेबांना लाचारी बिलकूल खपत नाही. शनिवारी हा माणूस असाच वाकलेला दिसला तर त्याला बांधावर उभेही राहू देऊ नये, असा हुकूम आहे.

आता हातात उरले ते दिवस थोडे. त्यात मला सरळ उभे राहायचे होते, धावणे पुढचेच. नाहीतर घोडे पंढरीनाथाचे, आणि मी जन्मभर तिथेच बसून त्याच्या जागी आलेल्या कुणाला तरी रजेचे कारण सांगणार.

भाऊंनी शोध लावला. ठाकुर्लीला ठमाबाई म्हणून एक म्हातारी होती, आसपासच्या गावांत सुईणपण केलेली, आणि स्वतः पायाळू. तिच्या पायाने किती कंबरा सरळ झाल्या याला गणती नाही असे भाऊ म्हणाले. बैलगाडी ठरली.

"मी नाही येत," गोदा म्हणाली.

"अगं, गाडीत मला धरणार कोण?"

"भाऊ आहेत ना."

"माझीही पाठ हल्ली जरा..." भाऊ म्हणाले.

शेवटी ती आली, पण वाटभर पदर तोंडावर ओढून बसली होती. ती रुसली आहे असे मी धरून चाललो. कशावर, हे विचारायची मला सवय नव्हती.

ठमाबाईच्या घरी पोचलो तर ती पडवीत वाकळेवर पालथी पडलेली. आम्ही आल्याचे कळले तरी तिने तोंड वळवले नाही.

"ठमाबाई, यांच्या कंबरेत उसण भरलीय," भाऊ म्हणाले. "तुमचा पाय लागला तर..."

"पाय लागला आसता," म्हातारी वाकळेत तोंड खुपसूनच म्हणाली, "पन मनाच उसन भरलीय. सगल्यांच्या पाठी मी सरल केल्या, आता माजे पाठीला कोन पाय लावील? सोताचा पाय सोताचे पाठीला पोचत नाय."

हा मुद्दा बिनतोड होता. म्हातारीने मोठ्या कष्टाने मान वळवली आणि तिची नजर गोदेवर गेली. ती तिथेच खिळली.

"अगो, तू जोश्यांची गोदा ना? डोंबिवलीची?"

गोदेने पदर आणखी पुढे ओढला.

"अशी काय बगतंस गो? तुजे पाय पैले माज्या हातान आलं, मंग तू आलीस. तुजी आय रडतंय, आन मी सांगतंय, रडू नको, पोर चांगले पायानी आलीय." म्हातारीला एकदम उत्साह आला. "ये बाय, ये. देवानंच धाडली तुला. लाव माज्या पाठीला पाय."

भाऊ माझ्याकडे पाहू लागले. मी गोदेकडे पाहू लागलो. वाकलेल्या माणसाला कुणाकडे पाहायचे म्हणजे खालून वर पाहावे लागते, आणि त्या स्थितीत रागावल्याचा काही उपयोग होत नाही. गोदेने पदर खोचला, म्हातारीच्या पायांना हात लावून नमस्कार केला आणि तिच्या कंबरेला हलकेच पाऊल टेकवले.

"हां! बरा वाटला," ठमाबाई म्हणाली. उठली मात्र नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत ठाकुर्ली मागे पडल्यावर मी विषय काढला. भाऊंना मी मुद्दाम गाडीवानाशेजारी बसवले होते.

"इतकी वर्षं सांगितलं नाहीस," मी म्हणालो.

"बाबांनी शपथ घातली होती. एक स्थळ आधी मोडलं होतं त्यापायी. सासूबाईंना कळलं असतं तर पावसाळ्यात मला घरात घेतलं नसतं." मग ती म्हणाली, "आणि लहानपणी कोण कोण यायचं. रोज पहाटे उठवून कुणाच्या तरी पाठीवर मला उभी करायचे. मला नको व्हायचं ते."

मला तिची दया आली, हे मी कबूल करतो. पण कंबरेतून कळ निघत होती आणि शनिवार जवळ आला होता. "बरं, झालं ते झालं," मी म्हणालो. "आता उद्या सकाळी मला एकदा पाय लाव म्हणजे झालं."

गोदेने कानांवर हात ठेवले. "नवऱ्याला पाय लावू? कुठं फेडू हे पाप?"

"आणि मी वाकलेलाच राहिलो तर?"

"मी ताट तुमच्या तोंडाखाली आणून ठेवीन. पण पाय लावणार नाही."

घरी येताच भाऊंनी ही अडचण आळीच्या स्वाधीन केली. नवऱ्याला लाथ मारावी की नाही यावर दोन दिवस आमच्या ओट्यावर चर्चा चालली. माझे मत कुणी विचारले नाही. एकजण म्हणाला, हात हा पायाचाच भाऊ, हातानेच मारावे. दुसरा म्हणाला, तसे तर ती रोज बोलून मारतेच. शेवटी आळीतल्या भटजींनी निर्णय दिला. नवऱ्याला पाय लावणे पाप, पण आपण कुणाला पाय लावतो आहोत हे ठाऊकच नसेल तर लावणारीला दोष नाही. तेव्हा मध्ये चादर धरावी, चादरीपलीकडे माणसे रांगेने वाकवून उभी करावी, सगळ्यांवर एकसारखी घोंगडी घालावी, त्यांत हरिहरपंत कुठेतरी असावेत. म्हणजे शास्त्रही राहील आणि कंबरही सुटेल. भाऊ म्हणाले, इतका स्वच्छ निवाडा त्यांच्या सगळ्या नोकरीत त्यांनी पाहिला नव्हता.

शुक्रवारी सूर्य उगवताना आमच्या माजघरात भाऊ, भटजी, भाऊंचे व्याही आणि मी असे भिंतीकडे तोंडे करून वाकलो. इतरांना वाकण्याचा सराव नव्हता, त्यामुळे रांगेत त्या दिवशी सर्वांत ऐटदार मीच होतो. पाठीमागे चादर धरली गेली. तिच्याखालून गोदेचे पाऊल येणार होते.

भाऊंना पाऊल लागले. "अहाहा," भाऊ म्हणाले. भटजींना लागले, त्यांना गुदगुल्या झाल्या. व्याह्यांना लागले. तिन्ही वेळा रीतीप्रमाणे हलकेच, फुलासारखे. मग पाऊल माझ्यामागे आले आणि थांबले.

माझ्या घोंगडीतून आंबेहळदीचा वास येत होता, याचा विचार भटजींनी केला नव्हता. मी श्वास धरून ठेवला. चादरीपलीकडेही श्वास धरलेला होता. त्यानंतर जे आले त्याला पाऊल म्हणता येणार नाही. मी जागेवरून सुटलो आणि समोरच्या भिंतीवर कपाळाने थांबलो. कंबरेत कुलपाचा खटका पडावा तसा आवाज झाला. वळून पाहिले तेव्हा सगळ्यांची तोंडे मला खाली दिसली. मी सरळ उभा होतो.

"बघा!" भाऊ म्हणाले. "माझीसुद्धा हलकी झाली!"

भाऊंच्या कंबरेला मुळात काही झालेले नव्हते, पण त्यांच्या आनंदावर विरजण घालावे असे मला वाटले नाही. गोदा स्वयंपाकघरात निघून गेली होती.

शनिवारी मी बांधावर ताठ उभा राहिलो. साहेबाने माझ्याकडे दोनदा पाहिले आणि किंचित मान हलवली. शिट्टी वाजली. मी धावलो, आणि चांगला धावलो. कामटी काढलेला घोटा कुठे कुरकुरला नाही, कंबर कुठे अडली नाही. पंढरीनाथ माझ्यापेक्षा चांगला धावला, इतकेच. मी दुसरा आलो. धावणारे दोघेच होते. साहेबाने पंढरीनाथाशी हस्तांदोलन केले आणि सोमवारी पट्टा आणि घोडे घ्यायला ये म्हणून सांगितले.

मला फार वाईट वाटले. घरी येऊन मी पाय धुतले आणि पाटावर बसलो. त्या दिवशी गोदेने वरणावर तूप नेहमीपेक्षा जास्त वाढले, त्यावरून तिला कळले होते हे मला समजले.

रविवारी सकाळी दार उघडतो तो ओट्यावर माणसे. कंबर धरलेली, मान धरलेली, काठी टेकलेली. पायाळू बाईची कीर्ती भाऊंनी गावभर नेली होती आणि रांग लावण्याचे कामही तेच पाहत होते. "बाजूला व्हा, बाजूला व्हा," ते म्हणाले, "पायाळूबाईंचे यजमान बाहेर येताहेत." गोदा उंबऱ्याशी उभी होती. एकेकाला हलके पाऊल लावत होती. तोंड लहान मुलीसारखे कंटाळलेले होते. लोक "बरं वाटलं" म्हणत होते आणि आले तसेच कंबर धरून जात होते.

रांगेच्या शेवटी टांग्यातून कुणाला तरी उतरवले. पंढरीनाथ. उजवीकडे कललेला, एक हात पुढे. धावताना लागलेले त्याच दिवशी कळत नाही, रात्र गेली की कळते, हे त्याला आता समजले होते.

"पंत," तो खालून वर बघत म्हणाला, "उद्या साहेबांपुढे उभं राहायचंय. मी आपला मित्र म्हणून आलो."

मी त्याला ओट्यावर बसवले आणि आत गेलो. गोदा पाणी पीत होती.

"कोण आहे ते ओळखलं मी," ती म्हणाली. मग हळू आवाजात विचारले, "यांना कशी लावू? रीतीप्रमाणे, का तुम्हांला लावली तशी?"

ती मला विचारत होती. आणि उत्तर दोघांनाही ठाऊक होते. रीतीप्रमाणे लावली तर पंढरीनाथ उद्या साहेबापुढे वाकून उभा राहणार, आणि वाकलेल्या माणसाचे तिथे काय होते ते मी पाहिले होते. नुसते "रीतीप्रमाणे" म्हणायचे होते. त्यात खोटेही काही नव्हते. घोडे मला अगदी दारात उभे दिसत होते. पण त्याचबरोबर ती कळही आठवत होती, आणि तो माणूस ओट्यावर त्याच स्थितीत बसला होता.

"मला लावलीस तशी लाव," मी म्हणालो. म्हणताना जिवावर आले होते.

गोदेने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग भांडे पालथे घातले.

"तशी नाही बसायची हो," ती म्हणाली. "तशी बसायला राग लागतो. तो काय परक्या माणसाचा येतो? त्याला इतकी वर्षं संसार करावा लागतो."

तिने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. मी स्वतः पाहिले. दात-ओठ खाऊन पाय उचलला, पण लागताना तो आपोआप हलका झाला. "बरं वाटलं, वहिनी," पंढरीनाथ म्हणाला आणि वाकलेलाच टांग्यात चढला. सोमवारी त्याने साहेबापुढे न संपणारा मुजरा केला. मी शेजारी सरळ उभा होतो. पट्टा माझ्या गळ्यात पडला. महिन्याभरात त्याची कंबर आपली आपणच सुटली, आणि माझ्या रजेचे अर्ज अजूनही तोच तपासतो.

घोड्यावर बसून मी डोंबिवलीस गेलो. सासऱ्यांनी घोड्याकडे पाहिले आणि विचारले, "हे सरकारी, का तुमचं?"

पुढच्याच आठवड्यात मला बांधावर पहिला चोर दिसला. गणू त्याचे नाव. खांद्यावर मिठाचे पोते होते. मी घोड्यावरून उतरलो आणि साहेबाच्या हुकुमाप्रमाणे धावलो.

"दारोगासायेब, धावू नका!" गणू लांबून ओरडला. "बांध निसरडा हाय, पराल!"

मी ऐकले नाही. मग कंबरेत तोच झटका, तोच हात पुढे. गणूने थांबून पाहिले, पोते खाली ठेवले, परत आला आणि मला घोड्यावर आडवा घालून लगाम धरून घरापर्यंत आणून पोचवले. दारात उतरवून रामराम घातला. मीही त्या स्थितीत जमेल तसा घेतला.

गोदा दारात आली. तिने माझ्याकडे पाहिले, पट्ट्याकडे पाहिले, जाणाऱ्या गणूकडे पाहिले. भाऊ ओट्यावरून उठून चादर आणू का म्हणून विचारत होते. तिने नको म्हटले आणि आत गेली. मी मुकाट्याने भिंतीकडे तोंड केले.

"थांबा," ती म्हणाली. उशी घेऊन बाहेर आली आणि ती भिंतीला माझ्या कपाळासमोर लावून धरायला तिने भाऊंना सांगितले. मग पदर खोचला.

"हं," ती म्हणाली, "आता वाका नीट."